विश्लेषण : ताप बाळंतिणीला, जंतू डॉक्टरच्या घशात… लिओनार्ड कोलब्रुक यांनी हा माग कसा काढला?

डेटॉलचे हात, तोंडावरचा मास्क आणि ताप आलेल्या बाळंतिणीसाठी वेगळी खोली. आज सवयीच्या झालेल्या या गोष्टींमागे एका ब्रिटिश जिवाणूतज्ज्ञाचे आयुष्य आहे. नाव फ्लेमिंगइतके गाजले नाही, पण काम लाखो मातांपर्यंत पोहोचले.

प्रसूतिकक्षात शिरण्याआधी डॉक्टर आणि नर्स मास्क बांधतात. त्यात आता कुणाला नवल वाटत नाही. मात्र शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्येही अनेक ठिकाणी चित्र वेगळे होते. हात धुतले जात, उपकरणे उकळली जात, पण बाळंतपण करणारी व्यक्ती उघड्या तोंडानेच बोलत, शिंकत, खोकत काम करी. कारण जी व्यक्ती आजारी नाही, तिच्यापासून धोका कसला, असा समज होता. हा समज खोडून काढण्यात लिओनार्ड कोलब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे.

कोण होते लिओनार्ड कोलब्रुक?

कोलब्रुक यांचा जन्म १८८३ मध्ये इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथे झाला. तरुणपणी वैद्यकीय मिशनरी होण्याचा त्यांचा विचार होता. लंडनमध्ये शिक्षण घेऊन १९०६ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी सेंट मेरीज रुग्णालयात सर ऑल्मरोथ राइट यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले.

राइट हे त्या काळातले मोठे प्रस्थ. टायफॉइडच्या लशीमुळे ते प्रसिद्ध होते. मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातल्यानंतर ब्रिटिश सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाचे सदस्य म्हणून ते भारतातही येऊन गेले होते. त्यांच्याच प्रयोगशाळेत कोलब्रुक यांच्या शेजारी अलेक्झांडर फ्लेमिंग काम करत. पुढे पेनिसिलिनमुळे फ्लेमिंग जगाला माहीत झाले. कोलब्रुक यांनी मात्र आयुष्यभर एकाच जंतूचा पिच्छा पुरवला. त्याचे नाव स्ट्रेप्टोकोकस.

पहिल्या महायुद्धाने काय शिकवले?

महायुद्धात राइट यांचा चमू फ्रान्समधील बुलोन येथे जखमी सैनिकांवर काम करत होता. जखमेत जंतुनाशक ओतायचे ही तेव्हाची रीत. राइट, फ्लेमिंग आणि कोलब्रुक यांना वेगळेच दिसले. खोल, वेड्यावाकड्या जखमेच्या कोपऱ्यांत जंतुनाशक पोहोचतच नाही. उलट जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मात्र त्याने मरतात.

म्हणजे जंतू एकदा शरीरात शिरला की तो वरून मारणे कठीण. त्याला आत येण्याआधीच अडवायला हवे. कोलब्रुक यांच्या पुढच्या सगळ्या कामात हा धडा दिसतो.

बाळंतज्वर म्हणजे नेमके काय?

बाळंतपणानंतर वार पडली की गर्भाशयाच्या आत तिच्या जागी एक मोठी ओली जखम उरते. बाहेरचा जंतू तिथे पोहोचला तर त्याला वाढायला याहून चांगली जागा नाही. दोन-तीन दिवसांत थंडी वाजून ताप येतो, पोट दुखते, जंतू रक्तात उतरतो. जुन्या मराठीत यालाच सूतिकाज्वर म्हणत. औषध नसलेल्या काळात धडधाकट तरुण बाई आठवडाभरात दगावत असे आणि मागे तान्हे मूल उरे.

१९३० च्या सुमारास इंग्लंड आणि वेल्समध्ये दर हजार बाळंतपणांमागे चारांहून अधिक माता मरत होत्या. त्यातला मोठा हिस्सा या तापाचा होता. क्षयासारख्या आजारांचे प्रमाण कमी होत असताना हा आकडा मात्र कित्येक दशके जवळपास तिथेच अडकून होता. पैशानेही फरक पडत नव्हता. डॉक्टर बोलावण्याची ऐपत असलेल्या घरांत मातामृत्यू गरीब वस्त्यांपेक्षा कमी नव्हते, काही वेळा जास्तच होते.

मग आधी कुणालाच हे समजले नव्हते का?

समजले होते. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे डॉ. अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्येच लिहिले होते की, हा ताप डॉक्टर आणि सुईणी एका घरातून दुसऱ्या घरात नेतात. त्यात त्यांनी स्वतःचेही नाव घातले होते. १८४३ मध्ये अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी तेच मांडले. १८४७ मध्ये व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसमधील एका सभेत फळ्यावर या जंतूची साखळीच काढून दाखवली.

तरीही १९२० च्या दशकात हात धुणाऱ्या, हातमोजे घालणाऱ्या रुग्णालयांतही साथी येतच होत्या. मग जंतू येतो कुठून?

यावर डॉक्टर मंडळींकडे एक सोयीचे उत्तर होते. जंतू आईच्याच शरीरात आधीपासून असतो, बाळंतपणात तो उफाळून येतो. याला आधारही होता. अनेक निरोगी गर्भवतींच्या योनीमार्गात रक्त विरघळवणारे स्ट्रेप्टोकोकस खरोखर सापडत. सूक्ष्मदर्शकाखाली ते आणि जीवघेणे जंतू सारखेच दिसत. हे उत्तर खरे असेल तर दोष कुणाचाच नव्हता आणि करण्यासारखेही फार काही नव्हते.

क्वीन शार्लट रुग्णालयात काय सुरू झाले?

१९३० मध्ये लंडनच्या क्वीन शार्लट प्रसूती रुग्णालयाने बाळंतज्वराच्या रुग्णांसाठी स्वतंत्र इमारत उभारली. शहरातून, आसपासच्या घरांतून ताप आलेल्या बाळंतिणी तिथे आणल्या जात. शेजारीच प्रयोगशाळा होती आणि तिचे प्रमुख होते कोलब्रुक.

रुग्ण आणि प्रयोगशाळा एकाच आवारात असण्याचा फायदा मोठा होता. प्रत्येक बाईचे नमुने लगेच तपासता येत. तिच्या घरी, तिच्याभोवती कोण कोण होते याचा शोध घेता येई.

राइट यांचा स्त्रियांच्या मताधिकाराला कडाडून विरोध होता आणि त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले होते. त्यांच्या शिष्याच्या प्रयोगशाळेतील दोन महत्त्वाची कामे मात्र स्त्रियांच्या हातून झाली. एक होत्या कोलब्रुक यांच्या भगिनी डॉ. डोरा कोलब्रुक आणि दुसऱ्या डॉ. मेव्ह केनी.

डेटॉलचा यात संबंध काय?

पहिला प्रश्न हातांचा होता. कोलब्रुक आणि त्यांचे सहकारी मॅक्सटेड यांनी साधा पण धाडसी प्रयोग केला. हातांना स्ट्रेप्टोकोकस फासायचा, त्यावर वेगवेगळी जंतुनाशके लावायची आणि किती जंतू जिवंत उरतात ते मोजायचे. १९३३ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्वचेला सोसेल एवढ्या तीव्रतेत तेव्हाची नेहमीची जंतुनाशके हातावरचा जंतू खात्रीने मारत नव्हती. क्लोरोझायलेनॉल असलेले एक नवे द्रावण मात्र मारत होते आणि हातावर वाळल्यावरही त्याचा परिणाम साधारण दोन तास टिकत होता. ते द्रावण म्हणजे डेटॉल. आज आपल्याकडे बाथरूमच्या कपाटात असलेली ही बाटली ब्रिटनमध्ये आधी प्रसूतिगृहात उपयोगी पडली.

पण हात स्वच्छ झाले तरी घसा उरतोच.

घशापर्यंत माग कसा पोहोचला?

बोलताना तोंडातून बारीक थेंब उडतात हे जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फ्ल्यूगे यांनी १८९७ मध्येच दाखवले होते. त्यांनी लाल रंगाचे डाग उमटवणारा एक जिवाणू तोंडात घेऊन खोलीत बोलायला लावले. आजूबाजूला ठेवलेल्या बशांमध्ये तोच जिवाणू उगवला. त्याच वर्षी ब्रेस्लाऊ येथे शल्यविशारद मिकुलिच यांनी शस्त्रक्रियेवेळी जाळीच्या कापडाचा मास्क बांधायला सुरुवात केली.

मात्र थेंब उडतात एवढे पुरेसे नव्हते. या बाईच्या गर्भाशयातला जंतू त्याच नर्सच्या घशातला आहे, हे सिद्ध करायचे होते. स्ट्रेप्टोकोकस तर असंख्य लोकांच्या घशात असतो. मग तोच आणि दुसरा हे ओळखायचे कसे?

याचे उत्तर दोन टप्प्यांत मिळाले. पहिला टप्पा न्यूयॉर्कमधील रिबेका लान्सफिल्ड यांचा. १९३३ मध्ये त्यांनी रक्त विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसचे, त्यांच्या कवचातील शर्करेवरून, ए, बी, सी असे गट पाडले. माणसाला होणारे बहुतेक गंभीर संसर्ग ए गटाचे निघाले. मग कोलब्रुक यांचे सहकारी रोनाल्ड हेअर आणि लान्सफिल्ड यांनी मिळून बाळंतिणींचे जंतू तपासले. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून स्पष्ट झाले की निरोगी मातांमध्ये सापडणारे जंतू बहुतांशी इतर गटांचे आहेत. तापाने गंभीर झालेल्या मातांमधला जंतू ए गटाचा आहे. म्हणजे जंतू आईचाच, या जुन्या उत्तराचा आधारच गेला.

दुसरा टप्पा लंडनच्या फ्रेड ग्रिफिथ यांचा. त्यांनी ए गटाचेही जवळपास ३० प्रकार वेगळे केले. सशाच्या रक्तापासून बनवलेल्या सिरमच्या थेंबात जंतू मिसळायचा. प्रकार जुळला तर काचपट्टीवर गुठळ्या होतात, नाही जुळला तर होत नाहीत. मोबाइलच्या भाषेत सांगायचे तर, आधी फक्त कंपनी कळत होती, आता मॉडेल कळू लागले.

डोरा कोलब्रुक यांनी हे तंत्र हाती घेतले. ताप आलेल्या बाईच्या गर्भाशयातील जंतूचा प्रकार नोंदवायचा. मग बाळंतपणावेळी हजर असलेले डॉक्टर, सुईण, नर्स, घरातील माणसे आणि स्वतः ती बाई, या सगळ्यांच्या नाका-घशाचे स्वॅब घ्यायचे आणि प्रकार जुळतो का पाहायचे. १९३५ मध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. बहुतेक प्रकरणांत जुळणारा जंतू कुणाच्या तरी नाकात किंवा घशात सापडला होता. कधी बाळंतपण करणाऱ्याच्या, कधी घरातल्या व्यक्तीच्या, तर कधी त्या बाईच्याच. ॲबर्डीन आणि न्यूयॉर्कमधील संशोधकही आपापल्या मार्गाने याच दिशेला आले होते.

या निष्कर्षाने काय बदलले?

सर्वात अवघड गोष्ट अशी होती की, ज्यांच्या घशात जंतू सापडला त्यातले अनेक जण ठणठणीत होते. कुणाला नुकतीच सर्दी होऊन गेली होती, कुणाला काहीच झाले नव्हते. हात नीट धुणारी, नियम पाळणारी नर्सही जंतू वाहून नेऊ शकत होती आणि तिला त्याचा पत्ताही नसे. घसा दुखणारे मूल घरात असेल तर त्याची देखभाल करून आलेला डॉक्टरही.

गॉर्डन आणि सेमेलवाइस यांनी सहकाऱ्यांना दोष दिला तेव्हा वैद्यकीय जगाने पाठ फिरवली होती. इथे प्रकरण वेगळ्या पद्धतीने मांडले गेले. प्रश्न निष्काळजीपणाचा नव्हता, तर न दिसणाऱ्या वाहकाचा होता. त्यामुळे उपायही सगळ्यांना सारखे लागू झाले. बाळंतपणावेळी आणि नंतर टाके-जखम पाहताना मास्क, हाताला जंतुनाशक, घसा दुखत असेल तर कामावरून सुट्टी, ताप आलेली बाई लगेच वेगळ्या खोलीत आणि साथ दिसली की कर्मचाऱ्यांचे स्वॅब. घसा सगळ्यांनाच असतो, त्यामुळे मास्क बांधणे हा कुणाचा अपमान उरला नाही.

लाल औषधाची गोष्ट काय?

फेब्रुवारी १९३५ मध्ये जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल या लाल रंगद्रव्याबद्दल माहिती प्रसिद्ध केली. स्ट्रेप्टोकोकस टोचलेले उंदीर त्यामुळे वाचत होते. कोलब्रुक यांनी आधी कित्येक वर्षे आर्सेनिकची औषधे वापरून पाहिली होती आणि हाती फारसे काही लागले नव्हते. त्यामुळे नव्या औषधाकडे त्यांनी सावधपणेच पाहिले.

१९३६ च्या सुरुवातीला रोनाल्ड हेअर यांच्या हाताला प्रयोगशाळेत जंतू असलेली काच लागली. संसर्ग झपाट्याने पसरला, जिवावर बेतले. कोलब्रुक यांनी त्यांना प्रॉन्टोसिल दिले. हेअर यांची कातडी गुलाबी झाली, पण ते वाचले.

जून १९३६ मध्ये कोलब्रुक आणि मेव्ह केनी यांनी ३८ बाळंतिणींवरील उपचारांचे निष्कर्ष मांडले. तिघी दगावल्या होत्या. त्याआधी त्याच वॉर्डात साधारण चार-पाच जणींमागे एक मृत्यू होई. डिसेंबरमध्ये आणखी २६ जणींची माहिती आली. त्यात एकही मृत्यू नव्हता.

इतके असूनही कोलब्रुक यांनी विजयाचे ढोल वाजवले नाहीत. औषध न दिलेल्या बायकांचा वेगळा गट नव्हता, तुलना आधीच्या वर्षांशी होती. जंतूच त्या काळात सौम्य झाला असण्याची शक्यता त्यांनी स्वतःच मांडली. आणि औषध आले म्हणून मास्क-हात यांत ढिलाई नको, ही त्यांची भूमिका कायम राहिली. ती योग्य ठरली. दुसरे महायुद्ध संपायच्या आतच सल्फा औषधांना दाद न देणारे स्ट्रेप्टोकोकस दिसू लागले.

१९३५ नंतर इंग्लंडमधील मातामृत्यूंचा आलेख घसरू लागला आणि १९५० पर्यंत तो दर लाखामागे शंभरच्या आसपास आला. श्रेय एकट्या कोलब्रुक यांचे नाही. सल्फा, मग पेनिसिलिन, रक्तस्राव थांबवणारे अर्गोमेट्रीन, रक्तसंक्रमण आणि प्रशिक्षित सुईणी या सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

युद्धात ते भाजलेल्या रुग्णांकडे कसे वळले?

दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून फ्रान्सला गेल्यावर त्यांना भाजलेले सैनिक दिसले. भाजलेली त्वचा म्हणजे पुन्हा मोठी उघडी जखम आणि पुन्हा तोच जंतू. १९४२ पासून ग्लासगो येथे आणि नंतर बर्मिंगहॅमच्या अपघात रुग्णालयात त्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी विशेष विभाग चालवले. ग्लासगोच्या याच विभागात पीटर मेडावर आले आणि शरीर परकी त्वचा का नाकारते यावर त्यांचे काम सुरू झाले. पुढे त्यांना नोबेल मिळाले.

भाजलेल्या अनेक रुग्णांच्या जखमा दाखल होताना स्ट्रेप्टोकोकसमुक्त असत आणि वॉर्डात राहून दूषित होत. पट्टी सोडताना जंतू धुळीबरोबर हवेत जात आणि शेजारच्या जखमेवर बसत. बर्मिंगहॅममध्ये त्यांनी बोर्डिलन यांच्यासह यावर उपाय केला. पट्टी बदलण्याच्या खोलीत गाळलेली हवा आत ढकलली जाई, त्यामुळे आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त राही. दार उघडले तरी हवा आतून बाहेरच जाते, वॉर्डातली धूळ आत येत नाही. आजच्या ऑपरेशन थिएटरमध्ये हेच तत्त्व वापरतात.

निवृत्तीनंतर काय केले?

वॉर्डातल्या मुलांकडे पाहून त्यांना पुन्हा तोच प्रश्न पडला. ही मुले इथे येतातच का? कारण घरोघरी उघडे हीटर होते आणि थंडीत त्याच्याजवळ उभ्या मुलींचे झगे पेटत. कोलब्रुक यांनी खासदारांकडे पाठपुरावा केला. १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि विक्रीसाठीच्या गॅस, विजेच्या व तेलाच्या हीटरना जाळी सक्तीची झाली. सप्टेंबर १९६७ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज त्याचे महत्त्व काय?

ए गटाचा स्ट्रेप्टोकोकस गेलेला नाही. मुलांच्या घसादुखीत तो असतो. उपचार अर्धवट राहिले तर संधिवाती ताप आणि त्यातून हृदयाच्या झडपांचा आजार होतो, जो भारतात अजूनही दिसतो. प्रसूतीनंतरचा संसर्गही थांबलेला नाही. सुदैवाने पेनिसिलिन या जंतूवर आजही चालते.

माग काढण्याची पद्धतही मूळ तीच आहे. एखाद्या प्रसूतिगृहात लागोपाठ दोन बाळंतिणींना हा संसर्ग झाला, तर कर्मचाऱ्यांचे घसे तपासले जातात आणि जंतू जुळवले जातात. फरक इतकाच की सशाच्या सिरमऐवजी आता जनुकीय क्रम वाचतात.

आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला भेटायला घरभर माणसे जमतात. घसा दुखत असेल, सर्दी असेल तर दोन दिवसांनी जावे, हात धुवावेत, तोंड झाकावे. आणि बाळंतपणानंतरच्या दिवसांत ताप आला, तर तो अंगावर न काढता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.